पाय छाटले आणि 'धा' सुटला

क्लॅरेंडन या जुन्या इंग्रजी टाइपच्या धर्तीवर देवनागरी फॉन्ट काढतोय. त्यात तीन आठवडे एका 'धा'पाशी अडकलो होतो. काल रात्री सुटलो!

आधी प्रत्येक कान्याच्या, म्हणजे अक्षरातल्या उभ्या दांड्याच्या, तळाला लॅटिन (इंग्रजी) अक्षरांच्या पायासारखी जाड पट्टी जोडली होती. सुटा 'म' झकास दिसायचा. मग 'आषाढातला मुसळधार पाऊस' ही ओळ ७२ पॉइंटात छापली आणि हबकलोच. 'आ', 'षा', 'धा', 'पा', जिथे जिथे दोन काने शेजारी, तिथे पट्ट्या एकमेकींना भिडलेल्या. तळाशी जणू दुसरी शिरोरेषाच. 'मु'चा उकार पट्टीखाली लोंबत होता. 'पुस्तक'मधल्या अर्ध्या 'स'ला तर काना नाही, म्हणजे पट्टीही नाही. तो बिचारा अधांतरी.

पट्टी ३०० एककांवरून (फॉन्टमधलं मोजमाप) २२०वर आणली, तर सगळा जोर गेला. कान्यांमधलं अंतर वाढवलं, तर शब्द फाटला. उकार खाली सरकवला, तर तो पुढच्या ओळीतल्या वेलांट्यांना टेकला.

शेवटी क्लॅरेंडनचाच 'n' मोठा करून न्याहाळला. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीतून (टाइप ओतण्याच्या कारखान्यातून) रॉबर्ट बेस्ली यांनी १८४५मध्ये आणलेला हा टाइप. विन्सेंट फिगिन्स यांच्या त्याआधीच्या 'अँटिक' या टाइपमध्ये पट्टी दांड्याला काटकोनात चिकटते. इथे तो कोपरा झाडाच्या बुंध्यासारखा वळत उतरतो. ते वळण बघताना लख्ख कळलं, आपल्याकडे पट्टी आहेच की, वरती!

सगळे पाय छाटले. शिरोरेषेला काना मिळतो तिथे दोन्ही बाजूंनी ते वळण दिलं. काना तळाशी सरळ कापला. 'धा' मोकळा झाला, 'मु'चा उकार जागेवर बसला आणि ठसका तसाच राहिला. पाकळीयुक्त 'ल'च्या टोकाला क्लॅरेंडनच्या 'r'सारखा गोळा दिलाय. तो अर्धा तास नुसता बघत बसलो. (ही वळणं आधी बटर पेपरवर पेन्सिलीने काढा. फॉन्टफोर्ज हे फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर उत्तम आणि फुकट आहे, पण हाताला वळण कळल्याशिवाय माउसला कळत नाही.)

आता 'ष' छळतोय. लेझर प्रिंटमध्ये ठीक आहे, पण कार्डावर स्क्रीन प्रिंटिंग केलं की कान्याच्या आतल्या कोपऱ्यात शाई साचते आणि पोकळी बुजते. 'प'चंही तेच. शिरोरेषा बारीक करणार होतो, पण हे लिहिता लिहिता सुचलं की 'प', 'ष', 'य' यांना वळण फक्त बाहेरच्या बाजूला द्यावं, आतला कोपरा काटकोनीच ठेवावा. सुट्या कान्याला दोन्हीकडे राहू दे.

आणखी एक. बेस्लींचा टाइप मुळात चालू मजकुरात एखादा शब्द उठून दिसावा म्हणून होता. मी मात्र पाट्या आणि मुखपृष्ठांचाच विचार करत बसलोय. तेव्हा रफाराचं काम पुढे ढकलतो. आधी 'ष' दुरुस्त करून १२ पॉइंटात शब्दकोशाचं एक पान जुळवून बघतो.