अनुदान मंजूर झालं, पण तिकीट कोण काढणार?

आजचा दिवस विद्यार्थ्यांचे प्रवास-अनुदानाचे अर्ज वाचण्यात गेला. अमेरिकन सोसायटी ऑफ प्लांट बायोलॉजिस्ट्स ही वनस्पतिशास्त्रज्ञांची १९२४ सालची संस्था. तिच्या वार्षिक परिषदेला कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूळनिवासी विद्यार्थ्यांनाही पोचता यावं, म्हणून अशी अनुदानं फार मोलाची.

खरी अडचण रक्कम किती ही नसते, ती हातात कधी पडते ही असते. पुष्कळ अनुदानं भरपाईच्या पद्धतीची: नोंदणी, विमान, हॉटेल आधी स्वतःच्या खिशातून, पैसे नंतर. ज्याच्याकडे क्रेडिट कार्डच नाही, तो निवड होऊनही घरीच राहतो. हे मला फार खुपतं. म्हणून निवडीचं पत्र येताच त्याच दिवशी विभागाच्या ऑफिसात विचारा: तिकीट विद्यापीठ थेट काढून देईल का? आगाऊ रक्कम मिळेल का?

अर्जात 'खूप शिकायला मिळेल' एवढंच लिहू नका. 'पाणी तोडल्यावर मक्याची मुळं किती खोल जातात यावर परिषदेत माझं पोस्टर (संशोधन मांडणारा मोठा तक्ता) आहे. मुळांच्या फोटोंवरून लांबी मोजताना गुंता झालेल्या जागी आकडे चुकतात, ते या सत्रात विचारायचंय' असं लिहिलं की वाचणारा थांबतो. परिषदेला पाठवायच्या संशोधनाच्या गोषवाऱ्याची मुदत अनुदानाच्या अर्जाआधी संपू शकते, दोन्ही तारखा बघा.

पोस्टर कापडावर छापा, घडी करून बॅगेत जातं. भरपाई मागायची असेल तर बोर्डिंग पास जपा. खोली दोघांत असेल तर प्रत्येकाच्या नावाचं वेगळं बिल हॉटेल सोडतानाच मागून घ्या. नंतर ते मिळवताना नाकी नऊ येतात.