वर्गमूळ आणि माझा हट्टी भाचा

दहावीची परीक्षा झाली आणि सुट्टीत भाचा माझ्याकडे गणिताला यायला लागला. बहिणीने आधीच बजावलं होतं, "डोकं आहे, पण ऐकत नाही." ऐकायचा तो. फक्त पटल्याशिवाय वहीत उतरवायचा नाही.

पहिली जुंपली ती √(९ + १६) वरून. त्याने सरळ ३ + ४ करून ७ लिहिले. बेरजेचं वर्गमूळ असं फुटत नाही म्हटलं, तर म्हणे, "गुणाकाराचं फुटतं ना? मग बेरजेनेच काय घोडं मारलंय, मावशी?" नियम घोकून घेण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, तुझंच खरं धरू. काटकोन त्रिकोणाच्या बाजू ३ आणि ४, कर्ण तुझ्या हिशेबाने ७. काढ आकृती. पट्टी घेऊन बसला आणि दोन्ही बाजू एका रेषेत आडव्या झाल्याशिवाय ७ होईना. मग √अ + √ब चा वर्ग करायला लावला. मध्ये २√(अब) उगवल्यावर स्वतःच म्हणाला, "हे जास्तीचं आहे."

खरी लढाई पुढे होती. √(क्ष + ७) = क्ष − ५. (मी जुन्या वळणाची, क्षच लिहिते.) दोन्ही बाजूंचा वर्ग करून क्ष² − ११क्ष + १८ = ० आलं, अवयव पाडले, उत्तरं ९ आणि २. इथपर्यंत सफाईदार. ताळा कर म्हटलं. ९ बरोबर बसला. २ घातल्यावर डावीकडे √९ आणि उजवीकडे −३.

"मग बरोबरच आहे की! −३ चा वर्गही ९ च."

हा मुद्दा वेडगळ नाही. क्ष² = ९ ला दोन उत्तरं असतात हे मीच त्याला शिकवलं होतं. पण √ हे चिन्ह फक्त धन वर्गमूळासाठी राखलेलं आहे. "का? कोणी ठरवलं?" म्हटलं, नको ठरवू. मग √९ + √१६ किती? त्याने ७, १, −१, −७ अशी चार उत्तरं मांडली आणि जरा गप्प झाला. संकेत नसेल तर एका साध्या बेरजेचीही ही गत.

तरी प्रश्न उरलाच: मग हा २ आला कुठून? हे विचारणारी मुलं कमी, बहुतेक जण नुसती काट मारून पुढे जातात. ३ आणि −३ वेगळे, पण वर्ग केला की दोघंही ९. चिन्हाचा पुरावाच पुसला जातो. २ हे −√(क्ष + ७) = क्ष − ५ चं उत्तर, वर्ग करताना आपल्या समीकरणात घुसलेलं. आलेख काढल्यावर त्याला दिसलंही: √(क्ष + ७) चा वक्र अक्षाच्या खाली उतरतच नाही, त्यामुळे क्ष − ५ ची रेषा त्याला एकदाच छेदते.

पुढे √(क्ष²) दिलं. त्याने क्ष लिहिला, −३ घालून पाहिलं आणि मला न विचारता दोन्ही बाजूंना केवल मूल्याच्या (चिन्ह सोडून उरणाऱ्या किमतीच्या) उभ्या रेघा ओढल्या.

छेदाचं परिमेयीकरण, म्हणजे १/√२ च्या जागी √२/२ लिहून छेदातलं वर्गमूळ घालवणं, मात्र अजून पटलेलं नाही. १ ला १.४१४ ने भागण्यापेक्षा १.४१४ चं अर्धं करणं सोपं, एवढं कबूल करतो. "पण आता हाताने भागतंय कोण?" यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.