एथिक्स कमिटीतून पेशंटची प्रश्नावली पास करून घेताना

मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमधून स्टॅटिस्टिक्समध्ये एमएससी केलं, काही वर्षं क्लिनिकल ट्रायलच्या आकडेवारीची टेबलं काढली, मग रिअल-वर्ल्ड एव्हिडन्सकडे, म्हणजे नेहमीच्या उपचारांमधून मिळणाऱ्या माहितीच्या अभ्यासाकडे वळले, हे सगळं सुरळीत झालं त्यामुळे त्यावर काही लिहीत नाही. राग अजून गेला नाहीये तो एथिक्स कमिटीचा, म्हणजे पेशंटवरच्या प्रत्येक अभ्यासाला आधी मंजुरी देणाऱ्या हॉस्पिटलच्या समितीचा.

मुंबईतल्या एका हॉस्पिटलात केमो सुरू होणाऱ्या पेशंटकडून क्यूएलक्यू-सी३० ही कॅन्सर पेशंटच्या जीवनमानाची प्रश्नावली भरून घ्यायची होती. ३० प्रश्न, म्हणजे दम लागतो का, झोप नीट लागली का, आजारामुळे पैशांची ओढाताण झाली का वगैरे. औषध डॉक्टर ठरवतील तेच, आम्ही कशातच हात घालत नाही. तरी फाइल परत आली, की पेशंटचा ट्रायल इन्शुरन्स, म्हणजे औषधाच्या ट्रायलमध्ये इजा झाली तर लागणारा विमा, कुठाय? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाइडलाइन्समध्ये किमान जोखमीच्या अभ्यासाला एक्स्पिडायटेड रिव्ह्यूची, म्हणजे पूर्ण बैठकीशिवाय झटपट तपासणीची सोय आहे, ते पान जोडून पत्र दिलं, तर पुढच्या मीटिंगला कोरमच नाही. त्यानंतरच्या मीटिंगला नवीनच काढलं, शेवटचे दोन प्रश्न काढून टाका, बाकी सगळ्यांची उत्तरं १ ते ४ आकड्यांत आणि ह्यांचीच १ ते ७ का, पेशंट गोंधळतात. अहो, त्याच दोन प्रश्नांवरून एकूण तब्येतीचा स्कोअर निघतो! ते काढले तर तो स्कोअरच निघणार नाही, मग जगातल्या बाकी अभ्यासांशी तो ताडणार कसा? आणि हे चाललेलं असताना रोज कोणाची तरी पहिली केमो होऊन जात होती, त्यांचा बेसलाइन, म्हणजे उपचाराआधीचा फॉर्म, कायमचा गेला, तो मागाहून विचारून मिळत नाही.

शेवटी कमिटीच्या मेंबर सेक्रेटरींना विनंती केली, मला पाच मिनिटं समोर येऊ द्या. स्कोअरिंग मॅन्युअलचं पान दाखवून समजावलं आणि त्याच बैठकीत पास झालं. खूप हलकं वाटलं, आणि अभिमानही वाटला, एकही प्रश्न कापू दिला नाही.

तर कव्हर लेटरच्या पहिल्याच ओळीत लिहा की उपचारात काहीही बदल नाही. समोर जाऊन बोलायची परवानगी सुरुवातीलाच मागा, पत्रापत्रीत महिने जातात. हो, आणि फॉर्म डॉक्टरांना भेटायच्या आधी भरून घ्या, रिपोर्ट ऐकल्यावर उत्तरं बदलतात. ज्यांनी भरला नाही त्यांचं कारण नर्सकडून त्याच दिवशी लिहून घ्या, कारण जास्त आजारी असतात तेच बरेचदा गळतात, आणि मग उरलेल्यांची सरासरी उगाच चांगली दिसते.