आमची वाटचाल : आधी एसएमपीएस, मग बाकीचं

२०१६ मध्ये सांगलीत आम्ही कॉम्प्युटर बांधून द्यायचं दुकान टाकलं, मी आणि माझा मावसभाऊ. त्याच्याकडे एक चांगला मल्टिमीटर होता आणि माझ्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातल्या, दोन डीलरांची ओळख. पहिली चार-पाच वर्षं बरी गेली.

२०२१ मात्र लिहायलाच हवं. लॉकडाऊनमध्ये पोरं स्ट्रीमिंगच्या, म्हणजे आपला गेम नेटवर लाइव्ह दाखवायच्या, नादी लागली होती. नऊ जणांचे ॲडव्हान्स आमच्याकडे जमा होते, सगळी कोटेशनं १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड धरून काढलेली, कार्डाचे एकवीस-बावीस हजार या हिशोबाने. इकडे चिप्सचा तुटवडा, तिकडे मायनिंगवाले, म्हणजे कार्डांवर क्रिप्टो चलन कमावणारे, पेट्याच्या पेट्या उचलत होते. तेच कार्ड पन्नास हजारांच्या पुढे गेलं. पैसे डीलरकडे अडकले आणि तो फोन उचलेना. विम्याची पॉलिसी मोडून मी सहा जणांचे पैसे परत केले.

त्याच सुमारास गल्लीच्या टोकाला नवं दुकान उघडलं. काचेचं कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे सहा आरजीबी पंखे, आत आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड. आमच्याकडून पैसे परत घेतलेले चौघे तिथेच गेले. त्यांतलं एक मशीन सहा महिन्यांनी आमच्या टेबलावर आलं. जीपीयू-झेड या कार्ड तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं तर शेडर, म्हणजे चित्राचं गणित करणारे छोटे भाग, २०४८. खऱ्या ५८० ला २३०४ असतात. मेमरीची उष्णता बाहेर काढणारे थर्मल पॅड सुकून भुगा झालेले. कार्ड मायनिंगमध्ये राबून आलं होतं. एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ५०० वॅट छापलेले, पण हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. मावसभावाने मल्टिमीटर लावला. गेम सुरू होताच १२ व्होल्टची लाइन ११.२ वर. ११.४ च्या खाली ती कधीच जाता कामा नये. असला माल समोर ठेवून लोक आम्हाला महागडे म्हणत होते. ते अजून टोचतं.

पैसे परत न मागणाऱ्या तिघांत तासगावच्या एका द्राक्षबागायतदाराचा मुलगा होता. त्याला म्हटलं, कार्डाची वाट बघू नकोस, ५६००जी प्रोसेसर घे. सहा कोर, बारा थ्रेड, ग्राफिक्स आतच. रॅम ८-८ च्या दोन पट्ट्या, कारण आतलं ग्राफिक्स रॅमवरच चालतं, १६ ची एकच पट्टी लावली की त्याचा दम बराच कमी होतो. एसएमपीएस ५५० वॅटचा, वीज कमी वाया घालवण्याचं ब्रॉन्झ प्रमाणपत्र असलेला. त्याचे वडील म्हणाले, "तुम्हाला पटतंय ते लावा."

तुम्हीही मशीन बांधत असाल तर पंख्यांचे दिवे सोडा, ते पैसे यूपीएस आणि अर्थिंगवर घाला. स्ट्रीम वायफायवर करू नका, लॅनची केबल ओढा. ६००० केबीपीएसने (म्हणजे ६ एमबीपीएसने) पाठवायचं तर अपलोड किमान १० एमबीपीएस हवं, आणि तेही रात्री नऊला मोजून.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग थांबलं, कार्डांचे भाव खाली आले. तासगावचा तो मुलगा आरएक्स ६६०० कार्ड घ्यायला आला. गेमसाठी ते जास्त ताकदीचं, मला मान्य आहे. पण ट्विचसारख्या लाइव्ह स्ट्रीमच्या साइटवर कमी बिटरेटला, म्हणजे सेकंदाला कमी डेटा पाठवताना, १६६० सुपरचा एनकोडर (व्हिडिओ आवळून पाठवणारा भाग) चित्र जास्त स्वच्छ ठेवतो, आणि त्याला रोज चार तास स्ट्रीम करायचं होतं. १६६० सुपरच बसवलं. १२५ वॅटचं कार्ड, जुन्या एसएमपीएसला हातही लावावा लागला नाही. मावसभावाने तोच मल्टिमीटर लावला, गेम आणि स्ट्रीम दोन्ही चालू ठेवून. ११.९७.