मुलींच्या अपेक्षा वाढल्यात का? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या वधू-वर केंद्रात मुलाचे वडील खुर्चीत टेकायच्या आत हेच विचारतात. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्न न जमलेली मुलं घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली, तेव्हापासून तर जास्तच.

हो, वाढल्यात. पण विचारणाऱ्यांच्याच फॉर्मवर ‘मुलगी नोकरी करणारी हवी’ असतं, आणि स्वतःच्या रकान्यातले आकडे फुगवलेले.

‘पॅकेज 14 लाख’ म्हणजे हातात 14 लाख नव्हेत. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, मिळेल न मिळेल असा व्हेरिएबल पगार, सगळं धरलेलं असतं. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा आणि फॉर्म 16 बघा. ‘पुण्यात स्वतःचा फ्लॅट’ असेल तर हप्ता विचारा. 50 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं की महिन्याला 43 हजारांच्या वर जातात.

नोकरीचं हे सोपं. खरा घोळ जमिनीचा.

एका स्थळाच्या बायोडेटावर ‘8 एकर बागायत’ होतं. साखरपुडा झाला, आणि मग मुलीच्या मामांनी ऑनलाइन सातबारा काढला. क्षेत्र बरोबर होतं, 3 हेक्टर 20 आर. पण जमीन आजोबांनी स्वतः घेतलेली, मृत्युपत्र नाही, वारसांची नावं चार: मुलाचे वडील, काका आणि दोन आत्या. हक्कसोडपत्र कुणाचंच नव्हतं. म्हणजे वडिलांचे 2 एकर. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने असा आलेला हिस्सा त्यांचा स्वतःचा. ते असेपर्यंत मुलाला त्यात हक्क नाही. त्यांच्या माघारी आई, बहीण आणि तो, असे तीन वाटे पडले तर त्याला जेमतेम 27 गुंठे. वर ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा. मुलगा खोटं बोलला नव्हता. ‘आपले आठ एकर’ हेच तो लहानपणापासून ऐकत आलेला. मान खाली घालून तो एवढंच म्हणाला, “आत्यांचं नाव आहे, हे मलाही आजच कळलं.”

लग्न मोडलं. मुलीचे वडील चारचौघांत म्हणाले, “फसवलं आम्हाला.” त्यांच्या स्वतःच्या सातबाऱ्यावरून बहिणींची नावं हक्कसोडीने कमी झालेली होती. मुलगी त्याच कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत भावाइतकीच हिस्सेदार, पण तिच्या बायोडेटात त्याचा शब्द नव्हता. मुलाकडच्यांनीही तो हिस्सा विचारला नाही. विचारला असता तर हावरे ठरले असते.

‘शेती हवी, शेतकरी नको’ म्हणून मुलींना हसतात. नोकरी गेली तर आधार असावा म्हणून शेती हवी असते, हे मला पटतं. पण तो आधार तिचा नसतो. नवरा हयात असताना त्याच्या वडिलोपार्जित मिळकतीत बायकोला वाटा मागता येत नाही. मग ती एकर मोजते ते कुणासाठी? यावर माझं पूर्वीचं उत्तर होतं, मुलांसाठी. आता तेही धड पटत नाही.

केंद्रवाल्यांनी लग्नाचा बाजार मांडला म्हणता. भाव तुम्हीच लिहून आणता. आम्ही कागद मागतो. तो कधी मागावा, एवढंच अजून ठरत नाही. फोटोआधी मागितला तर चांगली स्थळंही फोन उचलत नाहीत. पसंतीनंतर मागावा, तर तोवर हॉलचा ॲडव्हान्स गेलेला असतो.