कॉल लागतो, आवाज येत नाही: सिप ट्रंक सुरू करतानाचा माझा अनुभव

ऑफिसच्या जुन्या फोनलाइन बंद करून आम्ही सिप ट्रंक, म्हणजे इंटरनेटच्या तंत्रावर चालणारी फोनलाइन, घेतली. अर्ज, नंबर पोर्ट करणं, पीबीएक्सचं (ऑफिसच्या अंतर्गत फोन एक्स्चेंजचं) रजिस्ट्रेशन हे सगळं सुरळीत झालं. पहिला कॉल लावला, समोरच्याने उचलला, त्याला माझं बोलणं स्वच्छ ऐकू गेलं. मला मात्र त्याचा एक शब्दही ऐकू येईना.

सेवा देणाऱ्या कंपनीचं उत्तर ठरलेलं होतं: "सर, आमच्याकडे कॉल कनेक्ट झालेला दिसतोय, प्रॉब्लेम तुमच्या बाजूला आहे." पुन्हा फोन करावा तर नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक आणि परत "राउटर बंद करून चालू करा". अजून आठवलं की संताप होतो. कॉल कनेक्ट होणं आणि आवाज पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फोनसेवा विकणाऱ्यांनाच समजावून सांगावं लागत होतं! कॉल जोडणारे सिप संदेश सहसा 5060 पोर्टवरून (म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावरून) जातात. आवाज आरटीपी या पद्धतीच्या पॅकेट्समधून (छोट्या तुकड्यांतून) वेगळ्या पोर्टवर येतो, आणि तो पोर्ट प्रत्येक कॉलला नव्याने ठरतो. कुठे पाठवायचा ते सिप संदेशातल्या एसडीपी या भागात लिहिलेलं असतं: 'सी'च्या ओळीत आयपी पत्ता, 'एम'च्या ओळीत पोर्ट. तिथे चुकीचा आकडा गेला की घंटी वाजते, कॉल उचलला जातो, बिलही चालू होतं, पण आवाज भलत्याच दारावर जातो.

मी पीबीएक्सवर टीसीपीडम्प लावून कॅप्चर (येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेट्सची नोंद) घेतलं आणि वायरशार्क या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये उघडलं. आमच्याकडून जाणाऱ्या इन्व्हाइटमध्ये (कॉल सुरू करणाऱ्या सिप संदेशात) बाहेरून दिसणारा पब्लिक पत्ता बरोबर, पोर्टही बरोबर. आवाजाची पॅकेट्स बाहेर जात होती, आत एकही येत नव्हतं. म्हणजे गडबड वाटेतच. त्यांच्या बाजूचं कॅप्चर मागितलं, तर "ते देता येत नाही". मी तोच प्रश्न लेखी विचारत राहिलो: तुमच्याकडे पोहोचलेल्या इन्व्हाइटमध्ये 'एम'च्या ओळीत कोणता पोर्ट आहे? शेवटी वरच्या टीममधल्या एका इंजिनिअरने ती ओळ पाठवली. पोर्ट बदललेला होता!

बदलणारा होता त्यांनीच बसवलेला राउटर. त्यातलं सिप एएलजी चालू होतं. नॅटमागच्या (म्हणजे राउटरमागे खासगी पत्त्यावर असलेल्या) फोनच्या मदतीसाठी ही सोय असते. ती सिप संदेश उघडून पत्ते-पोर्ट बदलते. आमच्या पीबीएक्सने पब्लिक पत्ता आधीच घातलेला असताना तिची गरजच नव्हती. राउटरचा पासवर्ड त्यांच्याकडे, त्यामुळे ते बंद करून घ्यायला आणखी पाठपुरावा. बंद झालं आणि पुढच्याच कॉलला समोरचा "हॅलो" ऐकू आला. इतकं हायसं वाटलं!

तक्रार करताना कॉलची अचूक वेळ आणि कॉल-आयडी (सिप संदेशातली त्या कॉलची ओळखखूण) द्याच. त्याशिवाय त्यांना लॉगमध्ये काही सापडत नाही. त्यासाठी पीबीएक्सचं घड्याळ एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या सोयीवर) आधी लावून घ्या. कंपनी टीएलएस (सिप संदेश एन्क्रिप्ट करण्याची सोय) देत असेल तर तेच मागा, कारण एन्क्रिप्ट झालेला सिप संदेश एएलजीला वाचताच येत नाही. आणि हो, आवाज दोन्हीकडे नीट असून कॉल साधारण 32 सेकंदांनी तुटत असेल, तर आधी एसीके (कॉल उचलल्याच्या संदेशाची पोच) बघा. 200 ओके (म्हणजे 'कॉल उचलला' हा संदेश) पाठवणाऱ्याला तो मिळाला नाही की तेवढी वाट पाहून कॉल संपवला जातो. राउटर कंपनीचा असेल, तर एएलजी बंद करून देण्याचं करारावर सही करण्याआधीच लेखी घ्या.