मेंदूचं आरोग्य: आधी पाळ्यांचा तक्ता, मग व्याख्यान

कर्मचाऱ्यांच्या मेंदूच्या आरोग्यासाठी काहीतरी करायचं ठरलं की यादीत नेहमीचंच येतं: एक व्याख्यान, ध्यानाचं अ‍ॅप, भिंतीवर पोस्टर. आम्ही ते सगळं बाजूला ठेवलं. रात्रपाळी संपवून आठ तासांत परत हजर होणाऱ्या माणसाला झोपेचं महत्त्व सांगण्यात अर्थ नाही. ते त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं, त्याला झोपायला वेळच मिळत नाही. आमच्याकडे साधारण दोनशे माणसं, तीन पाळ्या आणि शिवाय दिवसाचं ऑफिस. हे काम मार्गी लागायला नऊ महिने गेले. ते कोणत्या क्रमानं केलं आणि कुठे अडलं, ते लिहितोय.

पहिलं काम पाळ्यांच्या तक्त्याचं. ठरवलेला तक्ता घेऊ नका, हजेरीतल्या प्रत्यक्ष वेळा घ्या. आम्ही मागच्या तीन महिन्यांच्या वेळा काढल्या आणि दोन पाळ्यांमध्ये ११ तासांपेक्षा कमी विश्रांती मिळाली ते खण लाल पेनानं रंगवले. युरोपीय संघाच्या कामाच्या वेळेच्या नियमांत रोज सलग ११ तास विश्रांती सांगितली आहे, तोच आकडा धरला. आठ तास कागदावर पुरेसे वाटतात. त्यातून जाणं-येणं, आंघोळ, जेवण आणि डोळा लागेपर्यंतचा वेळ वजा करा, हाती जेमतेम पाच तास राहतात. प्रौढ माणसाला किमान सात लागतात. डॉसन आणि रीड या संशोधकांचा प्रयोग १९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला होता. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्यासारखी घसरते, असं त्यात दिसलं. लाल खणांच्या शेजारी हा आकडा ठेवला की वरिष्ठांना वेगळं काही पटवावं लागत नाही.

मग पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकवल्या. शरीराचं घड्याळ उशिरा झोपायला लवकर रुळतं, लवकर झोपायला तसं रुळत नाही. सलग तीनपेक्षा जास्त रात्रपाळ्या नाहीत, हेही ठरलं. तरी पहिल्याच महिन्यात लाल खण परत आले. कोणी गैरहजर राहिला की सुपरवायझर समोर असेल त्यालाच विचारतो, “अजून चार तास थांबतोस का?” नाही म्हणणं अवघड असतं. म्हणून प्रत्येक पाळीसाठी विश्रांती पूर्ण झालेल्या दोघांची नावं आदल्या दिवशीच फळ्यावर लिहायला लागलो. आपसात पाळी बदलायची मुभा ठेवली, पण चिठ्ठीवर ‘माझी मागची पाळी कधी सुटली’ ही ओळ भरल्याशिवाय बदल मंजूर होत नाही. खरी नाराजी ओव्हरटाइमवरून झाली. काहींचं घर त्या पैशांवर चालतं, आणि ती तक्रार रास्तच होती. ओव्हरटाइम बंद न करता सुटीच्या आदल्या दिवशी हलवला, म्हणजे त्यानंतर झोप भरून निघते.

रात्रपाळीत डुलकीला परवानगी दिली: २० मिनिटं, गजर लावून. उठल्यावर १५ मिनिटं यंत्राला हात लावायचा नाही, गाडी चालवायची नाही. डुलकी लांबून झोप गाढ लागली तर उठल्यावर डोकं आणखी जड होतं, आणि चुका नेमक्या तेव्हाच होतात. कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच घ्यावी. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं साधारण पाच तासांनीही अंगात असतं आणि सकाळची झोप मोडतं.

ऑफिसात अडचण वेगळी होती: तुटणारं लक्ष. अर्ध्या पानाचा कागद पाच दिवसांसाठी दिला. हातातलं काम मध्येच सुटलं की एक रेघ ओढायची आणि शेजारी एक अक्षर लिहायचं: फोनसाठी ‘फो’, मेसेजसाठी ‘मे’, कोणी येऊन विचारलं तर ‘मा’, स्वतःहून सोडलं तर ‘स्व’. पहिल्या कागदावर नाव आणि वेळेचा रकाना होता, ती आमची चूक. लोकांना वाटलं आपल्यावर पाळत ठेवताहेत, आणि कागद कोरे किंवा मनानं भरलेले आले. दुसऱ्या वेळी दोन्ही काढले, बंद पेटी ठेवली, आणि रेघांनी कागद भरले. ‘मा’ सर्वांत जास्त. त्यातले बरेच प्रश्न असे होते की उत्तर कुठेतरी लिहिलेलं होतं, पण सापडत नव्हतं.

सकाळचे ९० मिनिटं शांत कामासाठी राखले. नुसतं राखून ते दोन दिवसही टिकत नाहीत, तातडीचे प्रश्न येतातच. ते झेलायला रोज एक जण पाळीनं नेमावा लागतो. आणखी एक सवय फार उपयोगी पडली. काम सोडून उठण्याआधी ‘पुढे काय करायचं’ ही एक ओळ चिठ्ठीवर लिहायची. अर्धवट कामात अडकलेलं मन त्यानं मोकळं होतं, आणि परतल्यावर धागा शोधावा लागत नाही.

मीटिंगच्या खोलीत कार्बन डायऑक्साइडचा मीटर ठेवला. बाहेरच्या हवेत हा आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो. बंद छोट्या खोलीत आठ माणसं बसली की अर्ध्या तासाच्या आत तो १००० च्या वर जातो, म्हणजे हवा पुरेशी बदलत नाही. मीटर कोणाच्या तोंडासमोर किंवा खिडकीत ठेवू नका, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, थोडा लांब ठेवा. बरेच मीटर गेल्या काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा बाहेरच्या हवेचा आहे असं धरून स्वतःला जुळवून घेतात. जी खोली कधीच उघडत नाही तिथे ते हळूहळू कमी दाखवायला लागतात. तो अधूनमधून बाहेर नेऊन तपासावा.

जिथे आवाज खूप असतो त्या विभागात ‘हल्ली विसरतो’ अशी तक्रार आली की आधी ऐकू किती येतं ते तपासायला पाठवतो. सूचना ऐकूच गेली नसेल तर लक्षात कशी राहणार? शिवाय उतरलेलं ऐकू येणं हा पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या घटकांपैकी एक आहे. सूचना आता लेखी देतो.

प्रश्नावली मुद्दाम शेवटी ठेवली. ब्रिटनच्या ‘हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह’ या कामाच्या जागेची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेची ३५ प्रश्नांची प्रश्नावली कामाबद्दल विचारते: भार, स्वतःच्या हातातलं नियंत्रण, आधार, संबंध, भूमिका, बदल. दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचा निकाल वेगळा काढला नाही, नाहीतर कोण काय म्हणालं ते लगेच ओळखू येतं. नैराश्य तपासणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मात्र कामावर वाटायची नाही, हे आमचं ठाम मत आहे. तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांबद्दल आहे. निनावी कागदावर कोणी त्याला ‘जवळजवळ रोज’ लिहिलं तर तुम्ही कोणाच्या मदतीला धावणार? ती डॉक्टरांच्या समोर, माणूस समोर बसलेला असतानाच भरावी.

सुपरवायझरांनाही निदान करायला शिकवलं नाही. दिसलेला बदल सांगायचा, मग गप्प बसून ऐकायचं: “दोन आठवडे तुमच्या नोंदी अर्धवट राहताहेत. कामात काय अडतंय?” ‘तुम्हाला टेन्शन आहे का’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’च येतं.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लाल खण मोजतो. पाळ्यांच्या विभागांत ते आता क्वचित दिसतात. हिशेब विभागात महिनाअखेरीस अजून येतात, कारण तिथे सगळी बिलं शेवटच्या तीन दिवसांत येऊन पडतात. सध्या ती आठवड्याला मागवायची तयारी चालू आहे.